अंकीय छायाचित्रण : प्रकाश, संस्करण आणि मुद्रण

पाझर तलावातील गाळ उपसण्यास प्रारंभ झाला की त्यापूर्वीचा तलाव पुन्हा पाहावयास मिळत नाही. मोडकळीस आलेल्या शाळाखोलीच्या भिंती उतरविल्या की त्या भिंतींना गेलेल्या भेगांचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. अवकाळी पावसाने आडवे झालेले पीक शेतकरी फार दिवस तसेच ठेवू शकत नाही, कारण त्याला पुढची मशागत करावयाची असते. अशा प्रत्येक प्रसंगी गावात कोणाच्या तरी हाती मोबाइल असतो आणि छायाचित्र काढलेही जाते. तीन वर्षांनी लेखापरीक्षणाच्या वेळी, किंवा तीस वर्षांनी गावाचा इतिहास लिहिताना, ते छायाचित्र काही सांगू शकेल काय, हा खरा प्रश्न आहे.

पुष्कळदा ते सांगू शकत नाही. पांढऱ्याफटक आकाशाखाली काळवंडलेले चेहरे, बांधाची उंची किती हे कळू न देणारी दुपारची सपाट उजेडी, एकाने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास धाडता धाडता पुसट झालेली प्रत, हा अनुभव कार्यालयीन दप्तर चाळणाऱ्यास नवा नाही. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात कामाच्या आधीची व नंतरची छायाचित्रे घेण्यावर भर होता; २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराच्या बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला स्थाननोंदीसह छायाचित्र जोडले जाते. म्हणजे छायाचित्र आता समारंभाची हौस राहिलेली नसून ते दप्तराचा भाग झाले आहे. कळ दाबणे सर्वांस येते. तथापि प्रकाश ओळखणे, काढलेल्या चित्रावर मर्यादेत संस्करण करणे आणि ते कागदावर नीट उतरविणे, ही त्यापुढची पायरी शिकून घ्यावी लागते.

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होते. त्या काळी काचेवर रसायन ओतून ते ओले असतानाच चित्र घ्यावे लागे आणि वाळण्यापूर्वी धुवावे लागे. एका चित्रास इतके कष्ट असल्यामुळे प्रकाशाचा विचार आधी होई. आज कष्ट उरले नाहीत आणि त्यांच्याबरोबर तो विचारही मागे पडला, असे दिसते.

प्रकाशाची पारख

प्रकाश कडक आहे की मऊ, हे त्याच्या तेजावर अवलंबून नसते. उगमस्थान वस्तूच्या मानाने किती मोठे दिसते, यावर ते ठरते. सूर्य प्रचंड असला तरी आकाशात तो लहानशा चकतीएवढा दिसतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार पडतात. ढग आले की तेच ऊन सर्व आकाशभर पसरते, सारे आकाशच दिवा बनते आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पांढरी चादर, चुन्याची भिंत, खिडकी आणि पडवी या सर्वांचा उपयोग आपोआप कळू लागतो.

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे वर्षातून दोन दिवस सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. पुण्यामुंबईकडे हे दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. उन्हाळ्यातील दुपारी काढलेल्या चित्रात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि नाकाची सावली ओठांवर पडते, त्याचे कारण हे आहे. जलसंधारणाची कामे नेमकी याच दिवसांत होतात. बांधाचा उतार, चराची खोली किंवा गाळाचा थर दाखवावयाचा असेल, तर सकाळी आठपूर्वी किंवा सायंकाळी पाचनंतर, ऊन आडवे असताना व कॅमेऱ्याच्या एका बाजूने येत असताना चित्र घ्यावे. सावलीमुळेच खोली कळते. त्याच चराचे चित्र भर दुपारी घेतले, तर तो जमिनीवर ओढलेल्या रेषेसारखा दिसतो आणि मोजमाप पुस्तकातील आकड्यांस त्याचा काही आधार मिळत नाही. मोजपट्टी अथवा माप लिहिलेली काठी चित्रात उभी करणे हेही तितकेच आवश्यक होय.

माणसांच्या बाबतीत याच्या उलट वागावे. शाळेचे समूहछायाचित्र उन्हात काढण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि मुलांचे डोळे मिचकावलेले असतात ते त्यामुळे. इमारतीची सावली जेथे पूर्ण पडली असेल तेथे सर्वांना उभे करावे. अर्धे ऊन व अर्धी सावली, किंवा झाडाखालचे कवडसे, ही सर्वांत वाईट निवड होय. वृद्ध व्यक्तीचे चित्र घरात काढावयाचे असल्यास तिला पडवीच्या कडेजवळ, उघड्या आकाशाकडे तोंड करून बसवावे आणि कॅमेरा बाहेर ठेवावा. समोरून येणारा मऊ उजेड सुरकुत्या लपवीत नाही, पण त्या कोरूनही काढीत नाही. एक गाल फार अंधारात जात असेल, तर त्या बाजूस पांढरे धोतर किंवा थर्मोकोलचा तक्ता धरला की परावर्तित उजेडाने तो उजळतो.

परावर्तित उजेडाचा महाराष्ट्रातील प्रसिद्ध दाखला अजिंठ्याचा आहे. लेणी पाहणाऱ्यांना आतील चित्रे दिसावीत म्हणून दाराशी आरसे व पांढरे कापड धरून बाहेरचे ऊन आत फिरविण्याची रीत तेथे होती. पुढे १९९१ साली बिनॉय बेहल यांनी तेथील भित्तिचित्रांची छायाचित्रे घेतली, तीही प्रखर दिवे न लावता, अत्यंत मंद उजेडात कॅमेरा स्थिर ठेवून आणि दीर्घ काळ उद्भासन देऊन. रंगांना धक्का न लावता त्यांचे खरे स्वरूप त्यामुळे दिसले. उजेड कमी असेल तर तो वाढविण्यापेक्षा कॅमेरा तिवईवर स्थिर करणे, हा मार्ग ग्रामपंचायतीच्या अंधाऱ्या खोलीतही तितकाच उपयोगी आहे. तिवई नसल्यास टेबलावर पुस्तकांची चळत रचावी आणि कळीचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा कालदर्शक लावावा.

कॅमेऱ्यातील फ्लॅशवर मात्र फार विसंबू नये. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाई होतो. ग्रामसभेच्या रात्री पहिल्या रांगेतील माणसे चुना फासल्यासारखी पांढरी आणि चौथ्या रांगेतील दिसेनाशी होतात, ती याच नियमाने. फिरविता येणारा फ्लॅश असल्यास तो पांढऱ्या छताकडे वळवावा, म्हणजे सारे छतच दिवा बनते.

पांढरी टोपी आणि सावळा चेहरा

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. हे गृहीतक आपल्या गावात वारंवार फसते. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा असा शेतकरी समोर बसला, की मापक पांढऱ्या कपड्यांना भिऊन उद्भासन कमी करतो आणि चेहरा काळा पडतो. उलट मागे काळोख असेल, तर टोपी जळून कोरी होते. येथे उद्भासन-भरपाईचे बटण वापरावे. मोबाइलमध्ये पडद्यावर चेहऱ्यास स्पर्श करून बाजूची सूर्यखूण वरखाली सरकवता येते. कोऱ्या कागदाचे, चुन्याच्या भिंतीचे किंवा मिठागराचे चित्र घेताना एक ते दीड घर अधिक उद्भासन द्यावे लागते, नाही तर कागद राखाडी येतो.

तथापि यास मर्यादा आहे. अंधारातील तपशील नंतर काही प्रमाणात वर काढता येतो. परंतु जो भाग पूर्ण जळून पांढरा झाला, त्यात माहितीच उरलेली नसते व कोणतेही संस्करण ती परत आणू शकत नाही. म्हणून कॅमेऱ्यातील आलेख, ज्यास हिस्टोग्राम म्हणतात, तो पाहण्याची सवय लावावी. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीस चिकटून उभा असेल, तर थोडे उद्भासन घटवून दुसरे चित्र तत्काळ घ्यावे. पडद्यावर चित्र बरे दिसते यावर विश्वास ठेवू नये, कारण उन्हात पडदा फसवतो.

रंगाचाही असाच घोटाळा होतो. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन, तर जुन्या तारेच्या दिव्याचे २७०० ते ३००० असते. एका बाजूने खिडकी व दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा असेल, तर एकाच चेहऱ्याचे दोन रंग होतात. त्यापैकी एक बंद करणे हाच उपाय. काही विद्युत् दिवे सेकंदास शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपला वीजप्रवाह ५० आवर्तनांचा आहे. अशा उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटल्यास झडपेचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा.

कागदपत्रे आणि शिळा

गावोगावच्या शाळांत जुनी हजेरीपटके व सर्वसाधारण नोंदवह्या आहेत, घराघरांत मोडी लिपीतील कागद आहेत. जातीच्या दाखल्यापासून जमिनीच्या वादापर्यंत या नोंदींवर पुष्कळ काही अवलंबून असते आणि कागद मात्र दर पावसाळ्यास अधिक जीर्ण होतो. अशा कागदाचे छायाचित्र घेताना फ्लॅश सर्वथा वर्ज्य समजावा. कागद सपाट ठेवून कॅमेरा त्यास समांतर धरावा आणि दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावरून, सुमारे ४५ अंशांच्या कोनात, सारखेच दिवे लावावेत. दिवे नसल्यास उत्तरेकडील खिडकी व समोर पांढरा पुठ्ठा एवढे पुरते. पातळ कागदावर पाठीमागची शाई आरपार दिसत असेल, तर खाली काळा पुठ्ठा सरकवावा, ती बरीच दबते. कडेला फूटपट्टी ठेवावी आणि पान कापले जाऊ नये म्हणून चारही कडा चित्रात घ्याव्यात. बांधणीतील पाने उलगडण्यासाठी वही ताणू नये. एखादी ओळ घडीत गेली तर चालेल, पण शिवण तुटली की पाने सुटी होतात आणि सुटी पाने हरवतात.

वेशीवरच्या किंवा देवळाशेजारच्या वीरगळाची गोष्ट निराळी. येथे सपाट उजेड निरुपयोगी आहे. झिजलेल्या शिल्पावर उजेड जवळजवळ पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे, तेव्हाच उठाव उभा राहतो. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड असलेल्या शिळेस दिवसातील थोडाच वेळ असे तिरके ऊन मिळते. उत्तरेकडे तोंड असेल तर वर्षाचा बहुतेक काळ ते मिळतच नाही. अशा वेळी अंधार पडल्यावर कॅमेरा तिवईवर ठेवून एका बाजूने, शिळेच्या अगदी लगतच्या कोनातून हातबॅटरी धरावी. डावीकडून, उजवीकडून व वरून अशी तीन-चार चित्रे घ्यावीत. दिवसा न दिसलेली अक्षरे पुष्कळदा यात वाचता येतात. अक्षरे दिसावीत म्हणून शिळेवर खडू, तेल किंवा रंग फासण्याचा प्रकार मात्र कोणी करू देऊ नये. त्याने दगडाची हानी होते आणि पुढच्या वाचकाची दिशाभूलही होते, कारण खडूची रेघ ओढणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे जाते.

संस्करणाची मर्यादा

मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करणे, हा पहिला नियम. जेपेग प्रकारची फाइल दर वेळी नव्याने साठविताना थोडी माहिती गमावते. शिवाय तिच्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलमध्ये १४ बिटांच्या हिशेबाने १६,३८४ पायऱ्या मिळतात. छाया उजळताना किंवा रंग सुधारताना ही शिल्लक कामास येते. महत्त्वाच्या कामासाठी दोन्ही प्रकार एकदम साठविण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत व काही मोबाइलमध्ये आहे. जिम्प आणि डार्कटेबल यांसारख्या संगणकप्रणाली विनामूल्य मिळतात, तेव्हा खर्चाची सबब येथे लागू पडत नाही.

क्रम साधारणतः असा ठेवावा. आधी क्षितिज व भिंती सरळ कराव्यात, मग अनावश्यक भाग छाटावा, नंतर रंगाचा तोल, त्यानंतर एकंदर उजेड व छायाप्रकाशातील फरक पाहावा. चेहरा किंचित उजळणे, आकाश किंचित दाबणे, हे जुन्या अंधारखोलीतही हाताच्या सावलीने करीत असत आणि त्यात गैर काही नाही. रेखीवपणा वाढविण्याचे काम अगदी शेवटी, मुद्रणाचा आकार ठरल्यावर करावे; आधीच केले तर कडांना पांढरी झालर दिसू लागते. रंगाचा भडकपणा वाढविणारी पट्टी फार सरकवू नये. हिरवे शेत अधिक हिरवे करण्याचा मोह कृषी प्रदर्शनाच्या फलकांवर सर्रास दिसतो, आणि प्रत्यक्ष शेत पाहिलेल्या शेतकऱ्यास तो हास्यास्पद वाटतो.

नोंदीचे छायाचित्र आणि शोभेचे छायाचित्र यांतील सीमारेषा येथे लागते. गावच्या दिनदर्शिकेसाठी देवळाच्या शिखरावरून गेलेली विजेची तार पुसून टाकली, तर कोणाचे नुकसान होत नाही. बंधाऱ्याच्या भिंतीवरची भेग पुसली, तर ते खोटे दस्तऐवज होते. दोन्ही कामे आज मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून काही क्षणांत होतात आणि पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून पंचनामा, मूल्यमापन किंवा कामाचा टप्पा दाखविणाऱ्या चित्रात काहीही घालू अथवा काढू नये. चेहरा गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवावी.

याहून नाजूक प्रसंग जुन्या चित्रांचा. हुतात्म्याचे किंवा शाळेच्या संस्थापकाचे एकच चित्र उपलब्ध असते, तेही एखाद्या समूहचित्रातील नखाएवढे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडे दिले, की ती स्वच्छ, मोठा, जिवंत वाटणारा चेहरा परत देते. तो चेहरा मात्र त्या माणसाचा नसतो. मूळ चित्रात जेवढे बिंदू आहेत त्यांपलीकडची माहिती यंत्राने इतर असंख्य चेहऱ्यांवरून रचलेली असते. असे चित्र शाळेच्या भिंतीवर लागले, की दहा वर्षांनी तेच खरे ठरते आणि मूळ चित्र अडगळीत जाते. पुसट असले तरी मूळ चित्रच, डाग तेवढे काढून, लहान आकारात छापावे. वाढविलेले चित्र लावावयाचेच असल्यास ते यंत्राने रचलेले आहे अशी नोंद चौकटीखाली असावी.

कागदावर उतरताना

पडद्यावर उत्तम दिसणारे चित्र कागदावर काळपट येते, ही सार्वत्रिक तक्रार आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त परावर्तित करतो. आणि बहुतेक संगणकांचे पडदे गरजेपेक्षा फार उजळ ठेवलेले असतात. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून दोन्हींचा उजेड जुळेपर्यंत पडदा मंद करावा, म्हणजे निम्मी तक्रार मिटते. मोठा आकार छापण्यापूर्वी त्याच कागदावर एक लहान पट्टी काढून पाहावी. छपाईस द्यावयाची फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत ठेवावी. सामान्य प्रयोगशाळा तीच गृहीत धरतात.

आकारमानाचे गणित सोपे आहे. हातात धरून पाहावयाच्या चित्रास इंचास ३०० बिंदू लागतात. ४ × ६ इंचांसाठी १२०० × १८०० बिंदू पुरतात; १२ × १८ इंचांसाठी ३६०० × ५४००, म्हणजे सुमारे दोन कोटी. भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून पाहावयाचे असेल, तर इंचास २०० नेही काम भागते. कोपऱ्यावरच्या फ्लेक्सफलकास तर त्याहून पुष्कळच कमी पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने पाठविलेले चित्र बहुधा लांब बाजूस १६०० बिंदूंच्या आसपास येऊन ठेपते. ते सव्वापाच इंचांपर्यंत नीट छापले जाईल, त्यापुढे नाही. शिवाय स्थळ व वेळेची अंतर्गत नोंदही त्यात गळून पडते. म्हणून मूळ फाइल दस्तऐवज म्हणून जोडून पाठवावी, किंवा तारेने संगणकावर उतरवून घ्यावी.

मोबाइलच्या चित्राचे प्रमाण बहुधा ४ : ३ असते, तर ४ × ६ इंचांच्या कागदाचे ३ : २. सहा इंच रुंदीत बसविताना चित्राची उंची साडेचार इंच होते आणि अर्धा इंच कापला जातो. समूहचित्रात हा अर्धा इंच मागच्या रांगेच्या डोक्यांचा असतो. चित्र घेतानाच वर व खाली मोकळी जागा सोडावी, अथवा कडेला पांढरी किनार ठेवून पूर्ण चित्र छापण्यास सांगावे.

शाईफवारणी मुद्रकात दोन प्रकारची शाई असते. विरघळणाऱ्या रंगद्रव्याची शाई चकचकीत दिसते, पण उजेडाने लवकर उडते. कणयुक्त, म्हणजे पिगमेंट शाई अधिक टिकाऊ असते. कार्यालयात लावावयाचे चित्र थेट उन्हासमोर टांगू नये. काचेच्या चौकटीत बसविताना काच व चित्र यांमध्ये पुठ्ठ्याची किनार अवश्य घालावी. कोकणातील पावसाळ्यात दमटपणाने चित्र काचेला चिकटते आणि सोडविताना त्याचा पृष्ठभाग सोलून निघतो. दप्तरी ठेवावयाच्या चित्रास गरम लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर, उदाहरणार्थ पंचायत समितीत. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग गाव व काम लिहिले, तर संगणक त्या आपोआप कालक्रमाने लावतो. छापील चित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, दाब पुढच्या बाजूस उमटतो; वेगळ्या कागदावर पेन्सिलीने मजकूर लिहून तो पाकिटात चित्रासोबत ठेवावा. त्यात तारीख, ठिकाण, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस होते ते, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव असावे. नावे त्याच दिवशी, चित्रातील माणसांना विचारून लिहावीत. सरपंचांचे नाव सर्वांस ठाऊक असते, खणतीवरच्या मजुरांचे फक्त मजुरांनाच.